अर्धं मैदान

३ ऑगस्ट, सोमवार

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला एक शुक्रवार आज दिवसभर आठवत होता. हे स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून टबात बूट धूत होते आणि मी ओट्यावर कागद ठेवून ते सांगतील ती नावं लिहीत होते. त्यांचे हात चिखलाचे, म्हणून लिहायला मी. अकरा नावं, खाली तीन राखीव. झाल्यावर त्यांनी ओल्या बोटांनी कागद उचलला आणि म्हणाले, "इतकं सुंदर अक्षर ह्या गाढवांवर वाया चाललंय बघ." कोपऱ्यावर अंगठा उमटला. मी नवा कागद घ्यायला वळले तर म्हणाले, "असू दे गं. फुटबॉलचाच कागद आहे."

तेव्हापासून चौतीस वर्षं दर शुक्रवारी टीम ह्यांनी सांगायची, मी लिहायची, खाली ह्यांनी सही करायची, आणि संध्याकाळी पाचला तो कागद खेळाडूंच्या खोलीच्या दारावर लागायचा.

आज क्लबने ह्यांच्या जागी नवा मॅनेजर नेमला. एकोणतीस वर्षांचा आहे. एका मोठ्या क्लबच्या मुलांच्या संघाला दोन वर्षं शिकवून आलाय. हुशार आहे म्हणतात. मी सव्वीस वर्षं क्लबच्या ऑफिसात आहे, बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिते. त्यामुळे स्वतःच्या नवऱ्याला काढल्याचं माझ्याच अक्षरात लिहावं लागलं.

"लिहा बाई," अध्यक्ष म्हणाले, "एकमताने."

"अजून कुणी मत दिलेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर एकमत आहे."

अध्यक्षांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण खिळे विकून विकून थेट डोक्यावर मारायची सवय लागलीय. "सरांनी आता घरी आराम करावा," ते म्हणाले. तेवढ्यात तो नवा मुलगा एकदम बोलला, "सर बाकावर नसतील तर मला ही नोकरी नको." बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, सर 'सल्लागार', डिसेंबरपर्यंत. हंगाम संपताना शेवटच्या दोन संघांत राहिलो तर दोघेही घरी.

माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. सकाळी उठल्यावर हे वार विचारतात, मग सामन्याला किती दिवस ते विचारतात. बाकी सगळं हातातून निसटत चाललंय. मैदानाचा एवढा एक खुंटा आहे, तोही उपटला तर हे कशाला धरून राहतील?

५ ऑगस्ट, बुधवार

कॉन्व्हेंट शाळेत आम्हा मुलींना दैनंदिनी लिहायला लावणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, "जे कबुलीच्या खिडकीत सांगायची लाज वाटते ते वहीत लिही. निदान शुद्धलेखन सुधारेल." म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी ह्यांनी डाव्या बॅकसाठी एक नाव सांगितलं. तो मुलगा नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेलाय. मी म्हटलं, "अहो, तो कुठे आहे आता?" ह्यांचा चेहरा असा झाला की मला तो पुन्हा बघायचा नव्हता. मी पटकन म्हटलं, "हो हो, चुकलं माझंच," आणि त्या जागी जो होता त्याचं नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यात दोन नावं. मग चार. गेलं वर्षभर हे जे सांगतात त्यातलं एखाददुसरंच नाव कागदावर येतं. सही करताना हे वाचत नाहीत.

मी टीम निवडली असं मी म्हणणार नाही. मी फक्त दुरुस्ती केली. हे पूर्वी ज्या पद्धतीने विचार करायचे तसाच करायचा प्रयत्न केला, आणि कोण दमलाय, कोणाचं घरी बिनसलंय एवढं बघितलं. ते तर कोणीही बघेल.

पण हे नव्या मुलाला कळलं, त्याने अध्यक्षांना सांगितलं, तर सरांची कीव करायला सगळं गाव मोकळं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

खेळाडूंनी नव्या मॅनेजरचं बारसं करून टाकलं. ह्यांना 'सर' म्हणतात, म्हणून तो 'धाकटे सर'. तो म्हणाला, पहिले काही सामने टीम सरांनीच द्यावी, मी आधी पोरं ओळखतो. मग जुने कागद मागितले. "किती जुने?" "दोन वर्षांचे द्या." नेमके दोनच वर्षांचे कशाला?

घरी नेहमीप्रमाणे कागद घेऊन बसले. ह्यांनी तीन नावं सांगितली आणि थांबले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाकीचं तू बघ नीट. तुला कळतं." चहा उकळत होता, बहुधा साखरेबद्दल म्हणाले असावेत. मी साखर बेताचीच घातली.

१६ ऑगस्ट, रविवार

काल घरच्या मैदानावर पहिला सामना. मध्यंतराला दोन-तीन, शेवटीही दोन-तीन. हरलो. आमच्या सामन्यांत उत्तरार्धात काही घडतच नाही. गर्दी मध्यंतरालाच पांगते. पोस्टमन, म्हणजे आमचा डावीकडून पळणारा (खरोखरच टपाल खात्यात आहे), म्हणतो, "काकू, उत्तरार्धाचं तिकीट अर्धं ठेवा."

सामना संपल्यावर धाकटे सर ऑफिसात आले. पाणी प्यायले आणि माझ्या खिडकीशी बराच वेळ उभे राहिले.

"काकू, तुम्ही सामना इथूनच बघता?"

"तिकिटं, फोन, पंचांचा चहा. मला कुठे हलता येतं?"

"कायम?"

"सव्वीस वर्षं."

मग त्याने काय करावं, माझ्या खुर्चीच्या उंचीइतकं वाकून पुन्हा बाहेर बघितलं. तिथून पश्चिमेकडचा गोल आणि निम्मं मैदान दिसतं, पुढे स्टँडची भिंत आडवी येते. आमच्याकडे ह्यांनी घातलेली एक रीत आहे. पाहुण्यांनी पूर्वार्धात पश्चिमेच्या उन्हाकडे पाठ करून खेळायचं, नाणेफेक फक्त पहिला चेंडू कुणाचा एवढ्यापुरती. त्यामुळे मध्यंतरापर्यंत आमचे हल्ले माझ्या पुढ्यात होतात, मध्यंतरानंतर आमचा बचाव. भिंतीपलीकडचं हे पूर्वी घरी येऊन सांगायचे.

काच फारच मळली होती. इतक्या निरखून बघण्याचं दुसरं काय कारण? मलाच ओशाळल्यासारखं झालं. आज सुट्टी असून जाऊन वर्तमानपत्राने पुसून आले.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नयेत.

धाकटे सर संध्याकाळी घरी आले. म्हणाले, आज टीम मी सरांच्या तोंडून लिहून घेतो. मला नाही म्हणायला जागाच नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला, तरी सगळं ऐकू येत होतं.

ह्यांनी अकराच्या अकरा नावं सांगितली, न अडखळता. वीस वर्षांपूर्वी आम्ही चषक जिंकला तेव्हाची टीम. गोलकीपरपासून सुरुवात. तो गोलकीपर जाऊन अकरा वर्षं झाली, फुलं मीच पाठवली होती.

धाकटे सर प्रत्येक नाव लिहीत होते. शेवटी विचारलं, "सर, गोलकीपरचा खांदा बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय!" हे म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले.

मग तो आत आला. फडकं घेऊन कपबशा पुसायला लागला. मी वाट बघत होते, आता बोलेल, मग बोलेल.

"काकू," तो म्हणाला, "उद्याची टीम?"

"सरांनी सांगितली ना आत्ता."

"सांगितली. आता तुमची सांगा." बशी जागेवर ठेवून तो म्हणाला, "दोन वर्षांत घरच्या मैदानावर आपण एक्केचाळीस गोल केले. त्यातले छत्तीस मध्यंतराआधी. खाल्ले तेही जवळपास सगळे मध्यंतराआधीच. फॉरवर्ड सगळे असे की सुरुवातीला वाघ, नंतर मांजर. बॅक असे की शेवटपर्यंत खांबासारखे उभे, पण पूर्वार्धात डोळे उघडत नाहीत. टीम निवडणारा माणूस फॉरवर्ड फक्त पूर्वार्धात बघतोय आणि बॅक फक्त उत्तरार्धात. सर तर बाकावरून सगळं मैदान बघतात. मग मी तुमच्या खुर्चीतून बघितलं."

मी रडले नाही. फक्त नळ बंद करायचं राहून गेलं.

"मी नुसती दुरुस्ती करत होते रे," मी म्हटलं. "अध्यक्षांना सांगणार?"

"सांगून काय सांगू? की क्लबात एकाच माणसाला फुटबॉल कळतो आणि त्याला आपण भिंतीआड बसवलंय?" तो बरंच काही बोलला, पोरगा चांगला आहे, माझी समजूत घालत होता. मग म्हणाला, "उद्या बाकावर येऊन बसा."

"बाकावर? आणि तिकिटांचं काय?"

३० ऑगस्ट, रविवार

काल क्लबचे डॉक्टर तिकिटांना बसले आणि मी बाकावर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडचा गोल बघितला. त्याच्या मागे एक मोठं झाड आहे, हेही मला माहीत नव्हतं.

आणि उंट! आमचा उंच फॉरवर्ड, माझा लाडका. चाळीस मिनिटं हरणासारखा पळतो. उत्तरार्धात पलीकडे गेला की कमरेवर हात ठेवून प्रेक्षकांत बायको शोधतो. दोन वर्षं मी ह्यालाच नऊ नंबर दिला! मी धाकट्या सरांच्या कानाशी म्हटलं, "त्याला बाहेर काढा, सुताराला पुढे पाठवा." सुतार म्हणजे आमचा कप्तान, लाकूडकाम करतो, मोजून मापून खेळतो. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने गोल केला. एक-शून्य.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. "तू बाकावर काय करत होतीस?"

"सहज बसले."

"माझ्यावर लक्ष ठेवायला बसवलंय तुला? मी काय खुळा झालोय?"

सांगितलं, यापुढे नाही बसणार.

१९ सप्टेंबर, शनिवार

परत खिडकीत आले त्याला तीन आठवडे झाले. त्यात दोनदा हरलो, आज एक बरोबरी. धाकटे सर आज ऑफिसात येऊन दार लावून बोलले. "काकू, सरांचा मान राखायला तुम्ही अकरा जणांना अर्ध्या मैदानावर खेळवताय."

मी म्हटलं, "चौतीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याच्यापुढे तुमचे अकरा जण मला काही वाटत नाहीत."

"खोटं बोलताय," तो म्हणाला. "उंटाची बायको बाळंत झाली तेव्हा त्याला दोन सामने बाहेर कुणी ठेवलं? सरांनी?"

मी फोन उचलला. कुणाचाच आला नव्हता.

११ ऑक्टोबर, रविवार

जे व्हायला नको होतं ते काल झालं.

आम्ही एक गोलने मागे होतो. हे बाकावरून उठले आणि सरळ मैदानात चालत गेले, खेळ चालू असताना. आमच्या गोलकीपरला पोरं 'कुलूप' म्हणतात, हल्ली कुठल्याही किल्लीने उघडतो. त्याच्याकडे बघून हे दुसऱ्याच नावाने हाका मारत होते, जो अकरा वर्षांपूर्वी गेला त्याच्या. "पुढे ये! रेषेवर काय झोपलायस!"

कुलूप माझ्याच बाजूच्या गोलात होता, म्हणून खिडकीतून सगळं दिसलं. पंचाने शिट्टी फुंकली. स्टँडमधून कुणीतरी हसलं, मग बरेच जण. मी पळत बाहेर गेले, पण धाकटे सर आधी पोचले. ह्यांच्यासमोर उभे राहून, अगदी रीतसर, म्हणाले, "सर, बदल करायचाय का?"

हे थांबले. आजूबाजूला बघितलं. "नाही," म्हणाले, "त्याला फक्त पुढे यायला सांग."

"सांगतो सर."

आणि तो ह्यांना दंडाला धरून नाही, शेजारून चालत बाहेर घेऊन आला. कुलूप खरोखरच दोन पावलं पुढे येऊन उभा राहिला. हसणं थांबलं. पण अध्यक्षांनी बघायचं ते बघितलं होतं. जाता जाता मला म्हणाले, "बाई, आता पुरे. उद्या बैठक."

रात्रभर विचार केला की कोणत्या शब्दांत विनवावं.

त्याच दिवशी, बैठकीनंतर

इतिवृत्तात आजचं पुरतं लिहिलेलं नाही, इथे लिहिते.

अध्यक्षांनी ठराव मांडला, सरांनी यापुढे मैदानावर येऊ नये, त्यांच्याच भल्यासाठी. मला म्हणाले, "लिहा." मी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले.

"तुम्ही त्यांना हरल्याबद्दल काढलंत," मी म्हटलं. "दोन वर्षं ते सांगायचे ती नावं मी बदलत होते. ते आजारी आहेत. टीम मी लावत होते. शिक्षा करायची तर मला करा. बाकावर एक म्हातारा बसल्याने कुणाचं काय बिघडतंय?"

डॉक्टरांचा चष्मा नाकावरून खाली आला. अध्यक्षांनी बराच वेळ हिशेब जुळवल्यासारखा चेहरा केला.

"म्हणजे बाई, ज्या पराभवांसाठी आम्ही सरांना घालवलं, ते पराभव तुमचे?"

"हो," मी म्हटलं. आणि पुढचं कसं तोंडातून गेलं मला ठाऊक नाही. "आणि जिंकलेले चौदा सामनेही माझेच."

धाकटे सर छताकडे बघत होते, पण हसू लपत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "बायको घरात अर्धा चमचा साखर जास्त घालते तेही मला कळतं, आणि ही बाई दोन वर्षं..." वाक्य पुरं केलं नाही. शेवटी ठरलं ते असं : सरांना हवी असेल तोवर बाकावरची जागा सरांची. आणि शेजारची माझी.

येताना वाटलं ओरडून सगळ्या रस्त्याला सांगावं. घरी हे झोपले होते. उठवलं नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

गेल्या पाच आठवड्यांत तीन जिंकलो. गुणतक्त्यात खालून तिसरे आहोत.

आज मी ह्यांचे बूट पुसून ठेवले, कोट काढला. हे खिडकीत बसले होते. समोरचे शेजारी फाटकाला हिरवा रंग देत होते, ते बघत.

"चला, वेळ झाली."

"कसली?"

"सामना आहे ना आज."

"कुणाचा?" म्हणाले, अगदी सौम्यपणे. मग मला वाईट वाटू नये म्हणून, "तू जाऊन ये. मी इथे बरा आहे. खालची कडा राहिलीय त्यांची, बघतो देतात का."

मुलगी महिन्याभरासाठी राहायला आलीय. ती म्हणाली, "आई, जा तू. बाबा खूश आहेत."

गेले. शेजारची जागा रिकामी होती. जिच्यासाठी मी भर बैठकीत पेन टाकलं ती हीच जागा, आणि ती कुणी माझ्याकडून हिसकावली नव्हती. धाकट्या सरांनी तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवू दिल्या नाहीत. आम्ही दोन-एक जिंकलो. मला उशिरा लक्षात आलं की मी सामना सगळा बघितला होता, एकदाही मान न वळवता. त्याचंच रडू आलं.

५ डिसेंबर, शनिवार, सकाळ

आज शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी वाचतो. हरलो तर खाली जातो, धाकटे सर जातात आणि मीही. काल कागद लिहिताना सहीशी थांबले नाही, स्वतःची करून मोकळी झाले.

निघण्याआधी कुणाला काय द्यायचं ते इथेच लिहून पान फाडून फ्रिजवर लावते. मैदानावरचं ज्याचं त्याला मीच पोचवीन, घरचं मुलीने वाचून करावं.

तिकिटांची पेटी आणि ऑफिसच्या किल्ल्या डॉक्टरांना. फोन वाजला तर उचलू नका म्हणावं, आज कुणालाही काही सांगण्यासारखं नाही.

नऊ नंबरचा शर्ट उंटाला, पण पूर्वार्धापुरता. बाहेर बसवल्यावर त्याला एकटं सोडायचं नाही, बायकोला तान्ह्यासकट बाकामागच्या रांगेत जागा द्यायची.

कप्तानाचा पट्टा सुताराला. हातात देऊ नये, दंडावर बांधून द्यावा, त्याला तेवढंच बरं वाटतं.

कुलूपला कोरडे हातमोजे मध्यंतराला, मागायच्या आधी. तो मागत नाही.

पोस्टमनला आज शिव्या कमी. वडील दवाखान्यात आहेत.

धाकट्या सरांना डब्यातले दोन सँडविच. सामन्याच्या दिवशी तो काही खात नाही आणि मग कुणावरही ओरडतो. आधी खायला लावणं, मग बोलणं.

अध्यक्षांना काही नाही.

बाबांना चार वाजता चहा, अर्धा चमचा साखर. गुडघ्यावर शाल. शेजारी आज कुंपण रंगवणार आहेत, म्हणून खुर्ची डावीकडच्या खिडकीत हलव. ते विचारतील, ही कुठे गेली. बाजारात गेली वगैरे सांगू नकोस. मैदानावर गेली, असं सांग. कशाला, असं विचारतील. न विचारतीलही. पण विचारलं तर त्यांना खरं तेच दे : टीम तिची आहे.